तीन पत्ती
तीन पत्ती हा ५२ पानांच्या संचाने खेळला जाणारा पैजेचा खेळ आहे. महाराष्ट्रात तो विशेषतः दिवाळीत खेळला जातो.

प्रत्येक खेळाडूस तीन पाने वाटतात. अशा २२,१०० तिकड्या संभवतात. एकाच दर्जाच्या तीन पानांची ‘ट्रेल’ सर्वश्रेष्ठ असून तिच्या ५२ तिकड्या होतात. जोडीहून वरचढ तिकड्या एकूण १,९१६, म्हणजे सुमारे ८.७ टक्के आहेत. त्यामुळे हाती एक्क्यांची जोडी असली, तरी पाच प्रतिस्पर्ध्यांपैकी किमान एकाकडे वरचढ पाने असण्याची शक्यता एक-तृतीयांशाहून अधिक असते.

अशी हार दुर्दैव समजून नुकसान भरून काढण्यासाठी पुष्कळदा पैज वाढवली जाते. प्रत्यक्षात पत्ते नीट पिसल्यावर नव्या डावाचा मागील डावाशी संबंध उरत नाही.

महाराष्ट्रात १८८७च्या जुगार प्रतिबंधक कायद्यान्वये जुगाराचा अड्डा चालवणे गुन्हा आहे.