मॉरिशस : स्वातंत्र्य आणि आर्थिक क्षमता

लहान बेटाला राजकीय स्वातंत्र्य परवडेल काय, हा प्रश्न मॉरिशसमध्ये तीव्रतेने उपस्थित झाला. निर्यातीत साखरेचा वाटा ९० टक्क्यांहून अधिक होता. अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांच्या १९६१ च्या अहवालाने वाढत्या लोकसंख्येचे व बेरोजगारीचे संकट अधोरेखित केले. १९६७ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मते स्वातंत्र्यविरोधी पक्षाला मिळाली. तथापि १२ मार्च १९६८ रोजी शिवसागर रामगुलाम यांच्या नेतृत्वाखाली देश स्वतंत्र झाला. १९७० मध्ये निर्यातप्रक्रिया क्षेत्राचा कायदा झाला. १९७५ च्या लोमे करारान्वये युरोपीय बाजारपेठेत साखरेला हमीभाव लाभला. परावलंबन संपले नाही. मात्र त्याच्या अटी स्वतः ठरवून घेण्याचा अधिकार प्राप्त झाला. म्हणूनच आर्थिक क्षमता ही स्वातंत्र्याची पूर्वअट न ठरता काही अंशी त्याची फलश्रुती ठरली.