घरातले इंटरनेट आणि पालकांची नजर

मूल इंटरनेटवर काय पाहते हे आईवडिलांना कळावे का, आणि कळायचे तर कोणत्या मार्गाने, हा प्रश्न पालकसभेत हमखास निघतो. बहुतेक वेळा कोणीतरी एखाद्या आज्ञावलीचे नाव सुचवतो आणि चर्चा तिथेच थांबते. या प्रश्नाला आता तीस वर्षांचा इतिहास आहे. या काळात नजर ठेवण्याची जागा तीन वेळा बदलली. प्रत्येक जागेवरून काय दिसत होते आणि काय दिसत नव्हते, हे नीट समजून घेतले तर आज आपण काय करावे हे ठरवणे थोडे सोपे जाईल.

पहिली जागा : घरातली खोली

विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्या काळी संगणक मोडेममार्फत दूरध्वनीच्या तारेला जोडावा लागे. जोडणी होताना मोडेम किरकिरत असे, जोडणी चालू असेपर्यंत दूरध्वनी अडून राही आणि पुढे बिलात तो वेळ दिसे. ज्या थोड्या घरांत संगणक होता तिथे तो एकच असे. कोणी इंटरनेटवर बसले आहे हे घरात सर्वांनाच कळे. मुद्दाम पाळत ठेवायची गरज नव्हती, कारण तंत्रज्ञानच चारचौघांत वापरण्याजोगे होते.

ज्यांच्या घरी संगणक नव्हता ती मुले सायबर कॅफेत जात. तिथल्या आडोशांविषयी पालकांना काळजी वाटू लागली. मुंबई उच्च न्यायालयाने २००१ साली या प्रश्नावर एक समिती नेमली. अल्पवयीन मुलांना मोकळ्या, सर्वांना दिसेल अशा जागेतलेच संगणक द्यावेत, ही तिच्या शिफारशींपैकी एक होती. म्हणजे घरात आपोआप होत होते तेच कॅफेत नियमाने घडवावे, असा तो विचार होता.

दुसरी जागा : संगणकातली यादी

दरम्यान अमेरिकेत वादळ उठले होते. सेनेटर जेम्स एक्सन यांच्या पुढाकाराने, मुलांना दिसेल असा अश्लील मजकूर इंटरनेटवर टाकणे गुन्हा ठरवणारे कलम सेनेटने जून १९९५ मध्ये संमत केले. लगेच ३ जुलैच्या अंकात 'टाइम' साप्ताहिकाने इंटरनेटवरच्या अश्लीलतेवर मुखपृष्ठकथा छापली. तिचा आधार होता कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या मार्टी रिम या विद्यार्थ्याचा अभ्यास. थोड्याच दिवसांत डोना हॉफमन आणि थॉमस नोव्हाक या प्राध्यापकांनी त्यातली उणीव दाखवून दिली. रिमने तपासलेली बहुतेक चित्रे प्रौढांसाठीच्या, पैसे भरून वापरायच्या खाजगी संगणक-सेवांवरची होती. त्यांवरून सगळ्या इंटरनेटविषयी निष्कर्ष काढता येत नव्हता. नमुना चुकीचा निवडला की निष्कर्ष कसा फसतो याचे हे उदाहरण वर्गात सांगण्याजोगे आहे.

तरीही ८ फेब्रुवारी १९९६ रोजी कायदा झाला. २६ जून १९९७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यातली मुख्य कलमे घटनाबाह्य ठरवली. मुलांना वाचवण्यासाठी प्रौढांचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य इतके आकसता येणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. पालकांना घरी वापरता येतील अशा आज्ञावल्या तयार होत आहेत, हा मुद्दाही निकालात होता. या निकालाने पहाऱ्याची जबाबदारी सरकारकडून मोठ्या प्रमाणात घराकडे आली.

'सर्फवॉच' ही अशी एक आज्ञावली १९९५ सालीच बाजारात आली होती. तिची रीत साधी होती. वर्ज्य स्थळांची एक यादी आणि वर्ज्य शब्दांची दुसरी यादी संगणकात ठेवायची, आणि मागितलेल्या पत्त्यात त्यांपैकी काही आढळले तर दार बंद करायचे. १९९६ साली या आज्ञावलीने चक्क व्हाइट हाउसचे एक पान अडवले. त्यावर राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांच्या दांपत्यांची माहिती होती, आणि पानाच्या पत्त्यात जोडपी या अर्थाचा 'कपल्स' हा शब्द होता! त्याच वर्षी 'अमेरिका ऑनलाइन'च्या यंत्रणेने इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या रहिवाशांना खाते उघडू दिले नाही, कारण गावाच्या इंग्रजी नावात एका शिवीची चार अक्षरे लागून येतात. मराठीत हा घोटाळा कसा होईल? 'विष' हा शब्द वर्ज्य ठरवला तर 'विषय' हा शब्दही अडेल, आणि मग शाळेचे सगळेच विषय बंद पडतील. संगणक अक्षरे जुळवत होता. अर्थ त्याला कळत नव्हता.

दुसरी अडचण अधिक गंभीर होती. बहुतेक कंपन्या आपल्या याद्या गुप्त ठेवत. आपल्या मुलाला काय दिसत नाही हे पालकांनाही ठाऊक नसे. 'सायबरसिटर' ही आज्ञावली 'नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन' या स्त्रीहक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे स्थळही अडवते, हे १९९६ साली उघड झाले. त्याच वर्षी बेनेट हॅसल्टन या विद्यार्थ्याने अशा आज्ञावल्यांवर टीका करणारा 'पीसफायर' हा गट काढला, तेव्हा त्या गटाचे स्थळही याच यादीत गेले.

यादी किती कडक असावी याचे उत्तर शोधणारी एक पाहणी डिसेंबर २००२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आली. सर्वांत सैल मांडणीत या आज्ञावल्यांनी ८७ टक्के अश्लील स्थळे अडवली, आणि आरोग्यविषयक स्थळांपैकी फक्त १.४ टक्के अडवली. मांडणी सर्वांत कडक केल्यावर अश्लील स्थळे ९१ टक्के अडली. पण आरोग्याची माहिती देणारी २४ टक्के स्थळेही अडली. चार टक्क्यांच्या लाभासाठी जवळजवळ पावपट माहिती गेली. वयात येताना ज्या शंका आईवडिलांना विचारायला मूल कचरते, त्यांची उत्तरे अशाच स्थळांवर असतात, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

तिसरी जागा : घराचा उंबरठा

हळूहळू घरात एकाहून अधिक संगणक आले. १९९९ च्या सुमारास वाय-फायचे प्रमाण ठरले आणि तारही गेली. सगळी यंत्रे राउटर नावाच्या एका पेटीमार्फत बाहेर बोलू लागली. प्रत्येक संगणकात यादी बसवण्यापेक्षा या एकाच दारात उभे राहणे सोपे होते.

दारातून काय दिसे? इंटरनेटवर माहिती छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत जाते. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो, आणि आत मजकूर असतो. त्या काळी बहुतेक पॅकेटे पोस्टकार्डासारखी होती. वाटेतल्या कोणालाही पत्त्याबरोबर मजकूरही वाचता येई. ती वाचण्याची साधने मुलांसाठी बनलेली नव्हती. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत १९८८ साली तयार झालेली 'टीसीपीडम्प' ही आज्ञावली जाळ्यातले बिघाड शोधण्यासाठी होती. १९९८ साली आलेली, आणि २००६ पासून 'वायरशार्क' या नावाने ओळखली जाणारी आज्ञावलीही त्याच कामाची. १९९६ ची 'स्क्विड' वारंवार लागणारी पाने साठवून जोडणीवरचा भार वाचवी. कोणत्या यंत्राने कोणते पान मागितले याची नोंदवही तिच्यात ओघानेच तयार होई. जाणकार पालकांनी ही अवजारे उचलली. पाहिलेल्या पानाचे नाव, शोधलेला शब्द, पुष्कळदा संदेशाचा मजकूरसुद्धा त्यांना वाचता येऊ लागला.

पण पोस्टकार्ड वाचण्याची सोय बापाला असते तशी परक्यालाही असते. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर या प्रोग्रॅमरने 'फायरशीप' नावाचे छोटे साधन मुद्दाम खुले केले. कॅफेतल्या मोकळ्या वाय-फायवर शेजारी बसलेल्याचे फेसबुक खाते त्याने एका टिचकीत उघडता येई. मजकूर उघडा ठेवण्याचा धोका त्यामुळे सर्वांच्या लक्षात आला.

पाकीट बंद झाले

मजकूर गूढ करून पाठवण्याची पद्धत नवी नव्हती. नेटस्केप कंपनीने १९९५ च्या सुमारास ती आणली, मुख्यतः पैशांच्या व्यवहारांसाठी. फायरशीपनंतर, आणि सरकारी पाळतीविषयीची कागदपत्रे २०१३ साली एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केल्यानंतर, ती सर्वत्र पसरू लागली. विकिपीडियाने जून २०१५ मध्ये आपली सर्व वाहतूक गूढ करण्याचे जाहीर केले. त्याच वर्षाच्या अखेरीस 'लेट्स एन्क्रिप्ट' या सेवेने त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे सर्वांना फुकट द्यायला सुरुवात केली. पोस्टकार्डाच्या जागी बंद पाकीट आले. आता राउटरला दिसते ते इतकेच, की या यंत्राने विकिपीडियाशी बोलणे केले. कोणता लेख वाचला ते दिसत नाही. २०१८ साली ठरलेल्या एका प्रमाणाने स्थळाचा पत्ता विचारण्याची क्रियाही पाकिटात घालता येऊ लागली. शिवाय २०१६ नंतर भारतात मोबाइलवरचा डेटा स्वस्त झाला, आणि हातातला फोन घरच्या दारातून न जाताही बाहेर बोलू लागला.

पाकीट फोडण्याचे प्रयत्न झाले. मुलाच्या संगणकात एक बनावट प्रमाणपत्र बसवले की मधली आज्ञावली पाकीट उघडून, वाचून, पुन्हा चिकटवू शकते. लेनोवो कंपनीच्या काही संगणकांत 'सुपरफिश' नावाची जाहिरातींची आज्ञावली हेच करत असल्याचे फेब्रुवारी २०१५ मध्ये उघड झाले. सगळ्या संगणकांत किल्ली एकच होती, आणि ती हाती लागताच कोणीही ती वापरू शकत होता. ज्या कंपनीने हे तंत्र पुरवले होते तिचेच तंत्र मुलांवर नजर ठेवणाऱ्या काही आज्ञावल्यांतही सापडले. मुलाच्या रक्षणासाठी दाराला पाडलेले भोक चोरालाही उपयोगी होते.

चौथी जागा : यंत्राच्या आत

आता नजर फोनच्या आत गेली आहे. गूगलने २०१७ साली 'फॅमिली लिंक' आणले, ॲपलने २०१८ साली 'स्क्रीन टाइम'. कोणते ॲप किती वेळ वापरले हे त्यांत दिसते आणि मर्यादा घालता येते. याहून खोल पाहू देणाऱ्या खाजगी सेवाही निघाल्या. इथे पालक आणि मूल यांच्यामध्ये कंपनी उभी असते. मे २०१८ मध्ये 'टीनसेफ' या सेवेच्या हजारो नोंदी, मुलांच्या ॲपल खात्यांच्या पासवर्डांसह, इंटरनेटवर उघड्या पडलेल्या आढळल्या. पासवर्ड साध्या अक्षरांत ठेवलेले होते.

कायद्यानेही या बाजूकडे लक्ष दिले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचे सोळावे कलम मुलाच्या खाजगीपणाला संरक्षण देते, आणि भारताने ती संहिता १९९२ साली स्वीकारली. आपल्या संसदेने २०२३ साली संमत केलेल्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात, अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती घेण्याची आणि कंपन्यांनी मुलांचा माग न काढण्याची तरतूद आहे.

पाठीवरचा भोपळा

मग करायचे काय? अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने या प्रश्नावर नेमलेल्या, डिक थॉर्नबर्ग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ साली एक दृष्टान्त दिला. पोहण्याचे तळे मुलांना धोक्याचे असते म्हणून कुंपण, कुलूप, घंटा हे सर्व उपयोगाचे आहे. पण सर्वांत मोठे संरक्षण म्हणजे मुलाला पोहायला शिकवणे, असे तिचे सांगणे होते. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना मुलाच्या पाठीला वाळका भोपळा बांधत. काठावर मोठे माणूस उभे असे, आणि ते उभे आहे हे मुलाला दिसत असे. हात चालू लागले की भोपळा सोडून टाकत.

तीस वर्षांच्या या इतिहासातून हाच धडा मिळतो. लहान मुलांसाठी बाहेरच्या खोलीतले यंत्र आणि सैल मांडणीची गाळणी पुरेशी आहे. काय पाहिले जाते हे मुलाला आधी सांगावे, आणि वय वाढेल तसे पाहणे कमी करावे. गुप्त पाळतीत सापडलेली गोष्ट मुलाशी बोलता येत नाही, कारण बोलले की पाळत उघडी पडते. आणि ज्या दिवशी कोणी अनोळखी माणूस मुलाला धमकावेल त्या दिवशी राउटरच्या नोंदवहीत बंद पाकिटांचे पत्ते तेवढे असतील. मूल घरी किंवा शाळेत येऊन सांगेल तरच पुढचे काही कळेल.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. काही विद्यार्थ्यांना पोस्टकार्डे द्या, काहींना पाकिटे. सर्व पत्रे एकाच 'राउटर' विद्यार्थ्याच्या हातून जाऊ द्या आणि त्याला कोणाविषयी काय कळले ते फळ्यावर लिहायला सांगा. नंतर मुलांना विचारा : घरातल्या कोणाला तुमचे कोणते पत्र वाचू द्याल, आणि अडचणीत असताना कोणाकडे जाल? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आपले नाव येते का, हे शिक्षकांनीही पाहावे.