गोफण, फासे आणि पाग

मार्गशीर्ष लागला की शहरातील मंडळींना हुरड्याची आठवण होऊ लागते. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेली कणसे, हातावर चोळून काढलेले कोवळे दाणे, जोडीला चटणी व गूळ! या मेजवानीचे वर्णन आपणांस सांगावयास नको. परंतु ते कणीस आगटीपर्यंत सुखरूप पोचावे म्हणून कोणीतरी पहाटेपासून शेतातल्या माच्यावर उभे राहिलेले असते, याची आठवण आपल्याला क्वचितच होते.

माझी सारी नोकरी खेड्यांतील शाळांत झाली. ज्वारी चिकात आली की मागच्या बाकांवरील चार-दोन मुले दिसेनाशी होत, आणि मी हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे ‘गैरहजर’ अशी खूण करी. वर्गात ज्याला तेराचा पाढा धड म्हणता येत नसे, तो मुलगा शेतात मात्र आभाळाकडे न पाहता, नुसत्या कलकलाटावरून, आलेला थवा भोरड्यांचा की पोपटांचा हे अचूक सांगे. मला तो भेद कळत नसे. आमच्या दोघांत गुरू कोण, असा प्रश्न त्या वेळी माझ्या मनात आला नाही. आज येतो, आणि म्हणूनच या भाषणासाठी मी हा विषय निवडला आहे.

गोफण, फासे आणि पाग ही आपल्या खेड्यांतील तीन जुनी साधने. गोफणीने पीक राखावयाचे, फाशांनी रानातील पशुपक्षी धरावयाचे आणि पाग म्हणजे फेकजाळे टाकून नदीतील मासे काढावयाचे. ही साधने ज्यांच्या हाती होती त्यांच्याजवळ केवढे ज्ञान होते, आणि त्या ज्ञानाबद्दल समाजाने त्यांना काय दिले, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम गोफण घेऊ. शेतराखणीचा व्यवसाय किती पुरातन आहे, हे पाहावयाचे तर ‘गाथासप्तशती’ उघडावी. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेला, महाराष्ट्री प्राकृतातील सुमारे सातशे गाथांचा हा संग्रह. स. आ. जोगळेकर यांनी १९५६ साली तो विस्तृत प्रस्तावनेसह मराठी वाचकांच्या हाती दिला. या ग्रंथात राजवाड्यांपेक्षा खेडीच अधिक दिसतात. गोदावरीचा काठ, पिकलेले भात राखणाऱ्या तरुणी, रानात हिंडणारा व्याध आणि घरी त्याची वाट पाहणारी त्याची पत्नी, ही सारी माणसे तेथे भेटतात. आपल्या भाषेच्या पूर्वजेने जे पहिले जग रंगविले, त्यात राखणदार आणि शिकारी यांना मानाचे स्थान होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

गोफणीची रचना अगदी साधी. अंबाडीच्या किंवा लोकरीच्या दोरीच्या मध्यभागी खडा ठेवण्यापुरती विणलेली झोळी असते. दोरीचे एक टोक बोटात अडकविलेले, दुसरे चिमटीत धरलेले. डोक्याभोवती दोन-तीन फेरे देऊन चिमूट सैल केली की खडा सुटतो आणि दोरीचा फटकारा वाजतो. त्यात पाखरू मरावे असा हेतू नसतो; थवा उठावा आणि पलीकडे जावा, एवढ्यानेच काम होते. राखणदाराला माराचे कौशल्य लागते त्याहून अधिक वेळेचे भान लागते. पाखरे उन्हे वर येण्यापूर्वी आणि दिवस कलताना उतरतात, आधी काठावरच्या झाडांवर बसून अंदाज घेतात, आणि ज्या बाजूला सामसूम असेल तिकडून शेतात शिरतात. हे सारे त्याला पाठ असते.

ज्वारीचा मोठा वैरी म्हणजे भोरडी. गुलाबी अंगाची आणि काळ्या डोक्याची ही मैना पावसाळ्याच्या उत्तरार्धात हजारोंच्या थव्यांनी येते आणि उन्हाळ्याच्या तोंडी परत जाते. तिचे माहेर मध्य आशियात. तेथे ती विणीच्या हंगामात टोळांचा फडशा पाडते. इतका की, चीनच्या शिंच्यांग प्रांतात तिने घरटी करावी म्हणून मुद्दाम दगडांच्या राशी रचून देण्यात आल्या. जे पाखरू आपण गोफणीने उठवितो, त्याच्यासाठी तेथे निवारा बांधतात! आपल्याकडेही ती दाण्यांबरोबर किडे टिपते, आणि पळस, पांगारा व काटेसावर यांच्या फुलांतील रस पिताना परागही वाहून नेते. सुगरणीची गोष्ट अशीच आहे. डॉ. सालीम अली यांनी १९३० साली कुलाबा जिल्ह्यातील किहीम येथे सुगरणीच्या घरट्यांचे जे निरीक्षण केले ते पक्षिशास्त्रात गाजले. ही सुगरण स्वतः भाताचे दाणे खाते, पण पिलांना प्रामुख्याने किडे भरविते. तात्पर्य, उपद्रवी पाखरू आणि उपकारक पाखरू ही पुष्कळदा एकच असतात. गोफणीने पाखरू शेतातून जाई, जगातून जात नसे. या दृष्टीने आपल्या पूर्वजांचे हे साधन विषारी औषधांहून शहाणपणाचे होते, असे म्हणावयास हरकत नाही.

पाखरे गोफणीने उठतात, परंतु हरणांचे कळप आणि रानडुकरे तिला भीक घालीत नाहीत. येथे गावाला पारध्याची गरज लागे. पारध्याचे फासे जनावरांच्या स्नायूंच्या चिवट दोऱ्यांचे असत. लांब दोरीला ओळीने फासे बांधून ती खुंट्यांनी जमिनीलगत ताणावयाची आणि सावज हळूहळू तिकडे वळवावयाचे. कोणी शिकविलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडून सावजाजवळ सरकत. कोणी पिंजऱ्यातील पाळीव तित्तिराच्या हाकेने रानातील तित्तिर बोलावीत. गवत कोणत्या बाजूला दबले आहे, लेंडी ताजी आहे की शिळी, लावा आज कोणत्या बांधाला उतरतील, याचे ज्ञान बापाकडून मुलाकडे जाई. गावाला त्याच्या या विद्येचा उपयोग होई; पण गावाच्या वेशीच्या आत त्याला घर मात्र नसे.

हीच मृगया राजे लोकही करीत, आणि तिला विनोद म्हणजे करमणूक मानीत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचिला. ती कल्याणी म्हणजे आज कर्नाटकातील बसवकल्याण. राजाच्या विनोदांत मृगया, ससाण्यांची शिकार आणि मासेमारी यांची सविस्तर वर्णने या ग्रंथात आहेत. पुढे मोगल काळात आणि संस्थानांत चित्ता शिकवून त्याच्याकडून काळवीट धरविण्याचा षोक वाढला. चित्ता पकडून त्याला माणसाळविण्याचे काम करणारे ते ‘चित्तेवाले पारधी’. राजाच्या छंदामागेही विद्या पारध्याचीच होती.

इंग्रजी अमलात या व्यवस्थेला निराळे वळण लागले. १८७८ च्या शस्त्रांच्या कायद्याने शेतकऱ्याजवळ परवान्यावाचून बंदूक राहिली नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात यावर नेमके बोट ठेविले आहे. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी शेतकऱ्याला गावठी बंदुका तरी बाळगू द्याव्या. ते धैर्य सरकारास नसेल तर राखणीचे काम पोलिसांवर सोपवून झालेली नुकसानी भरून द्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. तो वाद आजही मिटलेला नाही.

पारध्यांवर तर याहून मोठे संकट आले. १८७१ साली प्रथम उत्तर हिंदुस्थानासाठी गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, आणि १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती सर्व ब्रिटिश मुलखावर आली. फिरत्या जमातीत जन्म घेणे हाच गुन्हा ठरला. पोलिसांकडे नाव नोंदवावे, नेमल्या वेळी हजेरी द्यावी, परवानगीशिवाय गाव सोडू नये, असे नियम झाले. कित्येक जमातींना तारेच्या कुंपणातील वसाहतींत राहावे लागले. सोलापूरची ‘सेटलमेंट’ त्यांपैकीच एक. ज्याची उपजीविका पायांवर आणि रानावर होती, त्याला एका जागी बांधल्यावर त्याने खावे काय? एकच काळवीट, ते साहेबाने मारले तर ‘शिकार’, राजाने मारले तर ‘विनोद’, आणि पारध्याने धरले तर चोरट्याचा पुरावा! हजेरी या शब्दाचा मी आयुष्यभर एकच अर्थ जाणत होतो. पारध्याच्या घरी त्याचा अर्थ काय होता, हे मला निवृत्तीनंतरच्या वाचनात कळले, आणि आपण कितीदा निष्काळजीपणे तो शब्द उच्चारला याचे मनाला वाईट वाटले.

यात अपवादही घडले. कोल्हापूरचे शाहू महाराज स्वतः नामांकित शिकारी होते आणि त्यांच्या पदरी चित्तेही होते. त्यांनी १९१८ साली आपल्या संस्थानात काही जमातींवरील हजेरी बंद केली. परंतु सर्व देशात हा कायदा रद्द होण्यास ३१ ऑगस्ट १९५२ हा दिवस उजाडावा लागला. योगायोग असा की, भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे जाहीर झाले ते याच साली. चित्तेवाल्याला मोकळीक मिळाली तेव्हा चित्ता उरला नव्हता. पुढे १९५९ चा सराईत गुन्हेगारांविषयीचा मुंबईचा कायदा आला, आणि पारध्यांवरील संशयाची नजर काही हटली नाही.

आता पाग पाहू. मघाशी सांगितलेल्या ‘मानसोल्लासा’त माशांच्या जाती, त्यांना घालावयाचे आमिष, गळ टाकण्याची रीत यांचे इतके बारीक विवेचन आहे की, मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. सोमेश्वर राजाने हे ज्ञान कोठून मिळविले असेल? उघडच आहे की, नदीवर ज्यांचा जन्म गेला अशा धीवरांकडून. पण ग्रंथावर नाव राजाचे आहे.

सातशे वर्षांनी हाच प्रकार पुन्हा घडला. कर्नल साइक्स हे कंपनी सरकारचे अधिकारी दख्खनची पाहणी करीत हिंडले. त्यांनी १८३२ साली येथील दोनशेहून अधिक पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली आणि १८३९ साली माशांच्या जातींची वर्णने छापिली. त्यांपैकी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील एका मोठ्या महसीर माशाला त्यांनी ‘खुद्री’ हे येथल्याच लोकांच्या तोंडचे नाव दिले, आणि दुसऱ्या एकाला ‘सींगटी’. आपण ज्याला शिंगटा म्हणतो तोच हा शब्द. जगातील मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांत आजही ही नावे चालतात, आणि त्यांच्यापुढे साइक्स यांचेही नाव असते. ज्या भोयांनी जाळ्यातून मासा काढून त्याचे नाव सांगितले, त्यांची नोंद कोठेही नाही.

भोयांचे हे जीवन सर्वस्वी निर्दोष होते असे मी म्हणत नाही. मृगाच्या पहिल्या पुरात अंडी घालण्यासाठी मासे ओढ्यांत आणि भाताच्या खाचरांत चढतात. या चढणीच्या माशांवर सारा गाव टोपल्या घेऊन तुटून पडे, आणि पोटात अंडी असलेली मादी सर्वांत चविष्ट ठरे. गेळ्याची फळे किंवा रामेठ्याची साल कुटून डोहात टाकावी आणि गुंगलेले मासे गोळा करावे, ही रीतही जुनीच. याउलट काही डोह देवाच्या नावाने राखलेले असत. महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंड आणि देहूची इंद्रायणी येथील मासे कोणी मारीत नसे. नदीचा काही भाग तरी निर्भय राहिल्याने माशांचे बीज टिके. पुढे सुरुंगाची दारू आली आणि एका दणक्यात डोह रिकामा होऊ लागला. म्हणून १८९७ सालीच कायद्याने विष व सुरुंग यांना बंदी करावी लागली. धरणांनी वाटा अडल्या, कारखान्यांच्या व शहरांच्या सांडपाण्याने पाणी नासले, तेव्हा मात्र दोष कोणा एका भोयाच्या पदरी घालता येण्यासारखा राहिला नाही. तो दोष आपणा सर्वांचा आहे.

१९७२ साली वन्यजीवांच्या रक्षणाचा कायदा झाला, तो अवश्यच होता. १९८० साली अहिल्यानगर जिल्ह्यात रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य झाले, त्यामुळे ते सुंदर जनावर तेथे टिकले. परंतु फासे हातांतून काढून घेताना त्या हातांना दुसरे काम देण्याचे राहून गेले. ते देता येते याचे उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. अकोला-वाशीम भागातील काही फासेपारधी वस्त्यांनी गवताची माळराने राखण्याचे काम हाती घेतले आहे. तणमोरासारखा दुर्मिळ पक्षी तेथे येतो. त्याची चाहूल ओळखण्यास पारध्याइतका जाणता माणूस कोठे सापडणार? ज्या विद्येने पाखरू धरले, तीच विद्या आता त्याला राखीत आहे.

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पक्ष्यांवरील सुरेख ग्रंथ असतील, दुर्बिणीही असतील. त्यांचा आनंद अवश्य घ्यावा. एखाद्या रविवारी हुरड्याला जाल तेव्हा माच्यावरच्या मुलाला खाली बोलावून पाखरांची नावे विचारा, आणि त्याचेही नाव विचारा. वाटेत पारध्याचे पाल दिसले तर मनात प्रथम कोणता विचार येतो, तेही स्वतःशी तपासून पाहा. मी माझ्या हजेरीपटावर ज्या खुणा केल्या त्या आता पुसता येत नाहीत. पण ती मुले गैरहजर नव्हती, दुसऱ्या शाळेत हजर होती, एवढे मी या निमित्ताने कबूल करतो आणि आपली रजा घेतो.