विंटेज मोटार वाहन नोंदणी

विंटेज मोटार वाहन नोंदणी ही प्रथम नोंदणीस ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या व मूळ स्वरूपात जतन केलेल्या दुचाकी-चारचाकी वाहनांसाठीची भारतातील स्वतंत्र व्यवस्था होय. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ती जुलै २०२१ मध्ये समाविष्ट झाली. परदेशातून आणलेली वाहनेही तीत येतात. उदाहरणार्थ, फोक्सवॅगन टाइप २ च्या जुन्या कॅम्पर व्हॅन.

चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, ही अट कॅम्परच्या बाबतीत कळीची ठरते. आतला पलंग, ओटा वा कपाटे यांनी सांगाड्यास बाध येत नाही; परंतु मागाहून टप कापून उघडझाप करणारे छत बसविले असल्यास गाडीचे मूळपण वादात सापडते.

अर्ज नमुना २० मध्ये करावा लागतो. सोबत विमा आणि आयात वाहनाच्या बाबतीत सीमाशुल्क खात्याचे बिल ऑफ एंट्री आवश्यक असते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून मुदत १० वर्षे आहे. मावळ तालुक्यातील सामान्य गाड्यांना पिंपरी-चिंचवड कार्यालयाचा एमएच १४ हा संकेत मिळतो. विंटेज क्रमांकात मात्र राज्याच्या संकेतापुढे 'व्हीए' ही अक्षरे येतात.

प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, इंधन भरणे व देखभाल एवढ्यासाठीच असे वाहन रस्त्यावर आणता येते. नियमित व व्यावसायिक वापरास मनाई आहे. त्यामुळे लोणावळ्यात किंवा पवना धरणाच्या काठी अशी व्हॅन पर्यटकांना भाड्याने देता येत नाही. राज्याचे २०२१ चे कॅराव्हॅन पर्यटन धोरणही ही मनाई उठवीत नाही.