व्हिव्हांद्येर

फ्रेंच सैन्याबरोबर राहून सैनिकांना ब्रँडी, तंबाखू व किरकोळ खाद्यपदार्थ विकणारी परवानाधारक स्त्री. पुढे कांतिन्येर ही संज्ञा रूढ झाली. राज्यक्रांतिकाळात ३० एप्रिल १७९३ च्या हुकमान्वये अनावश्यक स्त्रियांना सैन्यातून काढून टाकण्यात आले. मात्र कपडे धुणाऱ्या स्त्रिया व व्हिव्हांद्येर यांना राहू दिले, कारण सरकारी पुरवठ्यातील उणीव त्याच भरून काढीत. व्हिव्हांद्येर ही पलटणीतील एखाद्या सैनिकाचीच पत्नी असे. तिला वेतन नसे. विक्रीचा नफा हीच मिळकत. पती मारला गेल्यास परवाना टिकविण्यासाठी बहुधा त्याच पलटणीत लवकर पुनर्विवाह करणे तिला भाग पडे. खांद्याला अडकविलेले ब्रँडीचे लहानसे पिंप ही तिची खूण. ते घेऊन ती गोळीबारातही फिरे व जखमींची शुश्रूषा करी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आखूड घागरा व त्याखाली तुमान असा तिचा गणवेश असे. दोनीझेत्तीच्या १८४० मधील ‘ला फीय द्यू रेजिमां’ या संगीतिकेची नायिका व्हिव्हांद्येरच आहे. तथापि त्या रंजक चित्रात या कष्टांना फारसे स्थान नाही. १८९० मध्ये या स्त्रियांना गणवेश वापरण्यास मनाई झाली आणि १९०५-०६ च्या सुमारास त्यांची जागा निवृत्त सैनिकांना देण्यात आली.