पोचलं म्हणजे नक्की कुणाला?

गेल्या महिन्यात मागवलेला डिजिटल तराजू ॲपवर 'डिलिव्हर्ड' झाला, माझ्या हॉस्टेलच्या खोलीत मात्र आला नाही. ग्राहक सेवेचं उत्तर: आम्ही कुरिअरकडे दिला होता. वाचून हसूच आलं, कारण माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण याच वाक्यावर आहे. (एमएस्सी भौतिकशास्त्रात करून मी टपालाच्या इतिहासात कसा शिरलो, ते परत कधीतरी.)

1930 च्या माल विक्री कायद्याचं कलम 39 बघा. करारानुसार विक्रेत्याने माल वाहतूकदाराच्या हवाली केला, की तो सकृतदर्शनी ग्राहकालाच दिला असं धरायचं. म्हणजे सातारच्या माणसाने मुंबईहून घड्याळ मागवलं, तर कायद्याच्या लेखी ते मुंबईतच त्याच्या हातात पडलं! वाटेत हरवलं तर? टपालखात्याकडे जावं, तर 1898 च्या टपाल कायद्याचं कलम 6 आडवं येई: गहाळ होणं, उशीर, भलत्यालाच बटवडा, सरकारने स्वतःहून जेवढा शब्द दिला असेल तेवढीच जबाबदारी.

मग लोक मागवायचे कसे? व्हीपीने. 1877 पासून ही सोय होती. पोस्टमन दारात येणार, त्याच्या हातात पैसे ठेवायचे, मग पार्सल घ्यायचं. खातं ती रक्कम विक्रेत्याला पोचवणार. पार्सल आलंच नाही तर पैसे आपल्याच खिशात, कोर्टकचेरी नको. आत काय निघेल ते मात्र पैसे दिल्यावरच कळे. कॅश ऑन डिलिव्हरी म्हणजे हीच कल्पना. मी यूपीआयने आधीच पैसे भरून मोकळा झालो, म्हणजे 1877 च्याही मागे गेलो म्हणा ना.

सत्तरच्या दशकात पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, 1986 मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. 'सेवेतील त्रुटी'साठी दाद मागता येऊ लागली. पण तक्रार कुठे करायची? विक्रेत्याच्या गावी, किंवा जिथे तक्रारीचं कारण घडलं तिथे. आणि ते नेमकं कुठे घडलं, यावरच वाद. माझ्या मते खरा बदल इथे झाला: 2019 चा कायदा 20 जुलै 2020 ला लागू झाला आणि ग्राहकाला स्वतः राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात जाता येऊ लागलं. त्याच महिन्यातल्या ई-कॉमर्स नियमांनी तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात बंधनकारक केलं.

माझी पोच आली, 46 व्या तासाला. महिना येत्या गुरुवारी भरतोय. जिल्हा आयोगासाठीचा अर्ज लिहून ठेवलाय.