फ्यूजला न दिसणारी आग

1882 साली लंडनच्या 'सोसायटी ऑफ टेलिग्राफ इंजिनिअर्स' या संस्थेने जेमतेम चार पानांची एक नियमावली काढली. विजेच्या दिव्यांमुळे उद्भवणारे आगीचे धोके टाळण्याचे नियम, असे तिचे नाव होते. त्याच साली मुंबईत क्रॉफर्ड मार्केट विजेच्या दिव्यांनी उजळले. घरातल्या वायरिंगचे आजचे बहुतेक नियम त्या चार पानांचे वंशज आहेत, आणि त्यांचा जन्म शॉकच्या भीतीतून झाला नाही, आगीच्या भीतीतून झाला. त्या पानांत दोन गोष्टी ठळक होत्या. एक म्हणजे, मुख्य वाहिनीवर सहज वितळणाऱ्या धातूचा तुकडा असावा, म्हणजे प्रवाह वाजवीपेक्षा वाढला की तो वितळून वीज तोडेल. दुसरी म्हणजे, तारांचे सांधे पक्के असावेत, कारण कच्चा सांधा तापतो. पहिल्या गोष्टीचा वंश घरोघरी वाढला. दुसरी पुस्तकात उरली आणि घराघरांतून पुसली गेली. मुंबईतल्या वरळी कोळीवाड्यासारख्या मासेमारांच्या वस्तीत विजेची आग टाळायची असेल, तर तीच आधी परत आणावी लागेल.

त्या वितळणाऱ्या तुकड्याचा, म्हणजे फ्यूजचा, वंश मोठा आहे. 1847 मध्ये फ्रान्सच्या ब्रेगेने तारायंत्राची ठाणी आकाशातून पडणाऱ्या विजेपासून वाचवायला मध्ये बारीक तार घालण्याचा सल्ला दिला होता. 1880 मध्ये एडिसनने दिव्यांच्या मंडलासाठी वितळणाऱ्या तारेचे पेटंट घेतले. मुंबईत 1905 मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी उभी राहिली, 1947 मध्ये ती महापालिकेकडे आली आणि 'बेस्ट' हे नाव घरचे झाले. चाळीतल्या आणि कोळीवाड्यातल्या बोर्डावर पांढऱ्या चिनी मातीचा किटकॅट फ्यूज बसला. फ्यूज उडाला की किटकॅट ओढायचा, नवी तार बांधायची, परत ठोकायचा. तार हाताशी नसली की वायरचे दोन-तीन तांब्याचे धागे पिळून घालायचे, आणि तिथेच त्या यंत्राचा जीव जायचा. या मानवी सवयीवर जर्मनीत मानहाइमच्या ह्यूगो श्टोट्झच्या कारखान्यातून उत्तर आले. 1924 च्या सुमारास तिथे परत वर करता येणारा छोटा सर्किट ब्रेकर तयार झाला. आपण ज्याला एमसीबी म्हणतो तो हाच. त्यात तार बांधायची सोय नाही, म्हणून तार चुकीची बांधली जाण्याची शक्यताही नाही. ही खरी सुधारणा आहे, आणि ज्यांच्या घरी अजून किटकॅट आहे त्यांनी तो बदललाच पाहिजे.

पण किटकॅट आणि एमसीबी दोघेही एकच प्रश्न विचारतात: प्रवाह जास्त झाला का? सांधा सैल असेल तर या प्रश्नाचे उत्तर 'नाही' येते. हिशोब साधा आहे. स्क्रूखालची तार सैल झाली आणि तिथे अर्धा ओहम रोध आला असे धरा. गीझर चालू असताना त्या सांध्यातून 10 अँपिअर गेले, तर तिथे 50 वॅट उष्णता निघते. सोल्डरिंगची साधी इस्त्री 25 वॅटची असते. म्हणजे हरभऱ्याएवढ्या जागेत दोन सोल्डरिंग इस्त्र्या तासन्‌तास तापत ठेवल्यासारखे आहे. 20 अँपिअरचा एमसीबी मात्र गप्प, कारण त्याच्या मते 10 अँपिअर हा निम्मा भार. उलट सांधा जितका बिघडेल तितका एकूण प्रवाह किंचित कमीच होतो. पीव्हीसीचे आवरण 70 अंशांच्या कामकाजी तापमानासाठी बनवलेले असते. ते आधी कडक होते, मग तपकिरी, मग काळे. बोर्डाजवळ येणारा माशासारखा किंवा जळकट वास बहुधा याच तापण्याचा असतो, आणि मासळीच्या वस्तीत तो कोणाला वेगळा जाणवणार?

वरळी कोळीवाड्याची हवा हा सांधा बिघडवायला फार अनुकूल आहे. वरळी किल्ल्याच्या बाजूने खारा वारा बारमाही येतो. पितळेच्या टर्मिनलवर हिरवा कळंक चढतो, लोखंडी स्क्रू गंजून फुगतो, आणि जिथे अॅल्युमिनियमची तार तांब्याला भिडते तिथे खारट दमटपणा दोघांतल्या फरकाचा फायदा घेतो. घरे वाढत गेली, माळ्यावर खोली चढली, मासळीसाठी फ्रीझर आला, मग एसी आला. दरवेळी नवी वायर जुन्याच बोर्डाला जोडली गेली. प्रत्येक जोड म्हणजे एक सांधा.

ब्रिटनमध्ये याच कच्च्या सांध्याने नियम बदलायला लावले. लंडनच्या अग्निशमन दलाला घरातल्या प्लॅस्टिकच्या डिस्ट्रिब्यूशन बोर्डांतून लागलेल्या आगी वाढताना दिसल्या, आणि तपासात सैल जोडण्या वारंवार पुढे आल्या. तिथल्या वायरिंग नियमांच्या 2015 च्या दुरुस्तीने घरगुती बोर्डाची पेटी न जळणाऱ्या पदार्थाची, उदाहरणार्थ पोलादाची, असावी असे ठरले आणि जानेवारी 2016 पासून ते लागू झाले. सांधा तापला तरी आग पेटीतच कोंडली जावी, हा हेतू. त्याच दुरुस्तीत दुसरा नियम आला, आणि त्याची किंमत माणसांनी मोजली होती. 6 एप्रिल 2010 ला साउदॅम्प्टनच्या शर्ली टॉवर्स या उंच इमारतीत दोन अग्निशामक जवान मेले. प्लॅस्टिकचा आधार वितळून वायरी खाली लोंबल्या आणि ते त्यांत अडकले. म्हणून सुटकेच्या वाटेवरच्या वायरींना आगीत लवकर न कोसळणारे, उदाहरणार्थ धातूचे, आधार सक्तीचे झाले, आणि नियमांच्या 2018 च्या आवृत्तीने ते सगळीकडेच लागू केले.

हे वाचताना आपल्या डोळ्यांसमोर केसिंग-कॅपिंग यायला हवे. मुंबईच्या छोट्या घरांत पांढरी प्लॅस्टिकची पट्टी भिंतीवरून, दारावरून, जिन्याच्या कडेने जाते. स्वस्त आहे, नीट दिसते, ओल आली तर उघडून पाहता येते. पण ती पट्टी वितळली की आतला वायरींचा जुडगा थेट दारात पडतो. कोळीवाड्यातल्या अनेक घरांना उतरायला एकच अरुंद जिना आहे, आणि आतल्या गल्ल्यांत बंब शिरत नाही. तिथे जवानाला नळी घेऊन पायीच यावे लागते. दाराच्या चौकटीवर आणि जिन्यावर दर थोड्या अंतरावर पट्टीच्या आतून धातूची क्लिप मारणे हे वायरमनचे तासाभराचे काम आहे.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: खाऱ्या हवेत लोखंडी पेटी गंजेल, आणि अर्थिंग नसेल तर तीच शॉक देईल. म्हणून धातूची पेटी बसवायची तर अर्थिंग आधी, आणि पेटी चांगल्या पावडर कोटिंगची किंवा स्टेनलेस स्टीलची. अर्थिंग नसलेल्या घरात एकटी पेटी बदलू नये. दुसरा आक्षेप असा की ईएलसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारे उपकरण, बसवला म्हणजे पुरे. 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी जीव वाचवतो आणि तो असायलाच हवा, पण तो गळती पाहतो. सैल सांध्यातला प्रवाह कुठेही गळत नाही, जिथे जायचा तिथेच जातो. शिवाय 1956 च्या भारतीय विद्युत नियमांत पुढे घातलेल्या 61-अ या नियमाने 5 किलोवॅटच्या आतल्या कमी दाबाच्या जोडण्यांना या उपकरणाच्या सक्तीतून वगळले होते. म्हणजे ज्या घरात जागा कमी आणि वाट एकच, नेमके तेच घर नियमाच्या बाहेर राहिले. ही सूट चुकीची होती. तिसरा आक्षेप पुनर्विकासाचा: इमारत होणारच आहे, आता खर्च कशाला? पुनर्विकासाची चर्चा वर्षानुवर्षे चालते, सांधा तोवर थांबत नाही. आणि स्क्रू आवळायला पुनर्विकास लागत नाही.

कोळी बांधवांनो, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि त्या किनाऱ्यावर दुरुस्तीला असतात. नारळी पौर्णिमेआधीच्या त्या दिवसांत परवानाधारक वायरमनला एकदा घरी बोलवा, मेन स्विच बंद करून बोर्ड उघडायला सांगा, प्रत्येक स्क्रू आवळून घ्या, काळवंडलेले टोक कापून नवे करून घ्या. काम झाल्यावर तुटलेले, करपलेले तुकडे मागून घ्या आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.